निर्वाहापुरतं

बेअर लेक, आयडाहो
२० जानेवारी १९९४

प्रिय लोआ,

आधी आनंदाची बातमी. मारेनचं लग्न ठरलं! मुलाचं नाव ट्रेंट. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, बोलतो कमी, आणि आपल्या मुलीकडे असा बघत बसतो की मलाच स्वयंपाकघरातून उठून जावंसं वाटतं. जूनमध्ये, लोगनच्या मंदिरात. तू आणि थेन येणार, हे मी धरूनच चालले आहे.

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

मारेन रविवारी बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा वर्ग घेते. नाताळाच्या आधी आमचा वर्ल नेहमीसारखा एकेका घराला बोलावून वर्षाच्या कमाईचा दशांश चर्चला पुरा दिला का, हे विचारत होता. गावच्या मंडळीच्या बिशपचं ते कामच. त्यावरून एका मुलीने वर्गात विचारलं, "हे पैसे जातात कुठे? वर सॉल्ट लेकला मुख्यालयात बसतात त्यांना पगार असतो का?" मारेन म्हणाली, "पगार म्हणत नाहीत. निर्वाहापुरतं देतात, असं मला कळलंय. किती, ते सांगत नाहीत. माझ्या मते सांगायला हवं."

एवढंच बोलली. पण त्या मुलीची आई म्हणजे ट्विला. तिने दुसऱ्या दिवशी गोठ्यात येऊन वर्लला गाठलं. "बिशपच्याच मुलीने असं शिकवावं?"

मग परवाच्या रविवारी वर्ल व्यासपीठावरून बोलला. "मी पहाटे गाईंचं दूध काढतो आणि संध्याकाळी तुमची दुखणीखुपणी ऐकतो. पाच वर्षांत एक पैसा घेतला नाही. माझ्यापासून थेट वरपर्यंत आपल्यात सेवेचा एक पैसा कोणी घेत नाही." बोलताना त्याचे डोळे भरले, आणि अर्धी मंडळी रडली. माझ्या शेजारी मारेन बसली होती. मी तिचा हात धरला.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "तुला हे सांगितलं कोणी?"

"नाही सांगणार."

"खोटं आहे म्हणूनच सांगता येत नाही तुला."

"खरं आहे म्हणून सांगत नाही, बाबा."

लोआ, मंदिरात लग्न करायचं तर तिच्या मंदिरप्रवेशाच्या परवान्यावर आधी बिशपची सही लागते, आणि बिशप तिचा बाप आहे. वर्लच्या नजरेत ती खोटं बोलली आहे आणि खोटं मुलांना शिकवलं आहे. गेल्या सप्टेंबरात तुमच्याकडे चर्चबद्दल उघड लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या त्या लोकांना मंडळीतून काढलं, तेव्हापासून इथे लोक साधी गोष्टसुद्धा आवाज उतरवून बोलतात. मला भीती वाटते.

ऑक्टोबरात मारेन तुझ्याकडे राहून गेली होती. मी तुला दोष देत नाही. फक्त एका शब्दात लिही. थेन आता तिथे वर सगळा वेळ चर्चचं काम करतो, त्याला पैसे मिळतात की नाही?

तुझी,
आर्डिथ

---

सॉल्ट लेक सिटी
२ फेब्रुवारी १९९४

प्रिय ताई,

मारेनचं अभिनंदन! तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली सुद्धा. निळा आणि पिवळा चालेल ना? इथे धुकं इतकं की चार-चार दिवस डोंगर दिसत नाहीत. नवीन घराची अजून सवय होत नाही. लोगनचं दुकान विकलं तेव्हा वाटलं होतं की आता थेनला उसंत मिळेल, पण तो महिन्यातले निम्मे दिवस चर्चच्या दौऱ्यावर असतो. परवा एका मोठ्या जेवणाला गेलो होतो, तिथे माझी जेली नीट जमलीच नाही. ताटात नुसती वाहत होती. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा नवरा चर्चमध्ये इतका वरचा, की त्या हसल्याही नाहीत.

मारेनला सांग, लग्न होईपर्यंत शांत राहा म्हणावं. मुलींना गाणी शिकव, गोष्टी सांग.

ताई, तुझं पत्र मी जाळलं. हेही तू जाळ. असं काही पुन्हा लिहायचंच झालं तर शेजारच्या मिसेस ओकींच्या पत्त्यावर पाठव. त्या आपल्या चर्चच्या नाहीत. आमचं टपाल थेनच उघडतो.

तुझी,
लोआ

---

बेअर लेक
१४ फेब्रुवारी १९९४

लोआ,

मी एक शब्द मागितला होता. तू मला गोधडीचे रंग पाठवलेस.

पण उत्तर मिळालं. 'नाही' असतं तर तू पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस, आणि पत्र जाळलं नसतंस.

आता ऐक. काल आमच्या सगळ्या मंडळ्यांवरचे अध्यक्ष पेंडलटन यांचा फोन आला. मारेनला आणि वर्लला मार्चअखेर भेटायला बोलावलंय. अध्यक्ष म्हणजे कोण, ज्यांनी मारेनचे दुधाचे दात काढले तेच दातांचे डॉक्टर. पण फोनवर त्यांचा आवाज ओळखू येईना. "मारेनला सांगा, घाबरू नको," म्हणाले. लोआ, ज्या गोष्टीला घाबरायचं नसतं तिच्याबद्दल कोणी असं सांगतं का?

त्यांच्यापर्यंत हे गेलं कसं? ट्विलाने शपथेवर सांगितलं की ती वर्लशिवाय कोणाशी बोलली नाही. माझं पत्र वाचलेली दुसरी एकच व्यक्ती आहे.

तू थेनला सांगितलंस का? त्याने वरून फोन केला का?

ट्रेंटची आई दर गुरुवारी पाव भाजून पाठवायची. या गुरुवारी आला नाही. गेल्याही नाही.

आर्डिथ

---

सॉल्ट लेक सिटी
२० फेब्रुवारी १९९४

ताई,

मी थेनला एक अक्षर सांगितलेलं नाही. वडिलांची शपथ घेते.

तुझं पत्र मिसेस ओकींच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, काही विचारलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला माझा संशय यावा, आणि धीर परक्या बाईने द्यावा!

मी कशाला घाबरते, असं तू विचारशील. मी रोज स्वतःला विचारते. मला कोणी दम दिलेला नाही. कोणी काही बजावलेलं नाही. कोणी दम दिला असता तर बरं झालं असतं, निदान भीतीला तोंड तरी दिसलं असतं. थेनला चर्चच्या कामाचं बोलावणं आलं त्या आठवड्यात तो मला गाडीत म्हणाला, "आता आपलं कसं भागेल याची काळजी करू नकोस. पण त्याबद्दल आपण बोलायचं नाही." मी विचारलं, "कोणी सांगितलं बोलू नका म्हणून?" तो म्हणाला, "सांगावं कशाला लागतं?" बस. तेव्हापासून आमच्या घरात ती एक खोली बंद आहे, आणि आम्ही दोघं तिच्या दारावरून पाय न वाजवता जातो.

आणि खरं सांगू? त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुकान विकून, घर सोडून, साठीला आलेला माणूस सगळा वेळ चर्चला देतो. त्याला जेवायला नको? मी तर हे चारचौघांत अभिमानाने सांगितलं असतं. पण जे सांगायचं नसतं ते आपोआप चोरीसारखं वाटायला लागतं.

मारेन तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी बोलून गेले, "आता दर महिन्याला ठरलेलं येतं, दुकानासारखी धाकधूक नाही." तिने मान वर करून बघितलं. आणि ही पोर आता माझं नाव घेत नाही! ताई, तिला सांग, घे म्हणावं माझं नाव.

नाही. नको सांगूस. मी काय लिहितेय मलाच कळत नाही.

लोआ

---

बेअर लेक
९ मार्च १९९४

लोआ,

मला माफ कर. अध्यक्षांना कोणी सांगितलं ते कळलं. वर्लने.

काल मी त्याला कॉफीच्या रंगाचं ते जवाचं पेय द्यायला गोठ्यात गेले तर तो बादलीवर बसून होता, आणि गाईचं दूध काढायचं तसंच राहिलं होतं. म्हणाला, "आर्डिथ, मीच गेलो होतो पेंडलटनकडे."

"स्वतःच्या मुलीची तक्रार करायला?"

"तक्रार नाही. मी सांगितलं, मी बाप आहे, मला हे जमणार नाही. सही केली तर लोक म्हणतील मुलगी म्हणून केली. नाही केली तर..."

"तिचं खरं असलं तर?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गोठ्यालाच आग लावायला निघालेय. "मग मी व्यासपीठावरून देवाच्या घरात खोटं बोललो, असं होईल. तू मला तसं म्हणतेस?"

माझ्या तोंडाशी तुझं नाव आलं होतं. मी ते गिळलं आणि पेला ठेवून परत आले.

आठवतं का, आपल्या लहानपणी एप्रिलच्या मोठ्या सभेत कशावर किती खर्च झाला ते वाचून दाखवायचे? वडील रेडिओला कान लावून बसायचे आणि आपल्याला गप्प करायचे. आता दरवर्षी एक गृहस्थ उठून सांगतात की हिशेब तपासले, सगळं ठीक आहे. आकडा नसतो. वर्लला ते पुरतं. मलाही पुरत होतं. मारेन म्हणते, "आई, पैसे चोरीला जातात असं मी म्हणतच नाही. आपण एवढे मोठे झालो, तरी आपल्याला का सांगत नाहीत, एवढंच विचारते."

परवाना मिळाला नाही तर कोर्टात लग्न करीन, असं ती म्हणते. मग मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागेल, आणि वर्षभर सगळं गाव आपापल्या मनाने कारणं शोधत बसेल. ट्रेंट म्हणतो, "मी थांबीन." त्याचे आईवडील काहीच म्हणत नाहीत.

वर्लचं खाणं सुटलंय. परवा नुसता बटाट्यांकडे बघत बसला होता.

आर्डिथ

---

सॉल्ट लेक सिटी
२४ मार्च १९९४

ताई,

शनिवारी तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा तुझा चेहरा बघून मला हसूच आलं. तसं हसू मला महिन्यांत आलं नव्हतं. थेनला सांगितलं होतं की गोधडीचं माप घ्यायला जाते. लोगनच्या खिंडीत गाडी दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी मनात आलं, दरीत गेले तर बरं, सांगायला तरी लागणार नाही. इतकी मी भित्री.

गोठ्यात काय झालं, हे वर्ल तुला कधीच सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

मी म्हटलं, "वर्ल, मारेनला मी सांगितलं. थेनला मिळतात. दर महिन्याला. त्यातूनच मी पीठ आणते, त्यातूनच हे बूट आणलेत."

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. मला वाटलं, ओरडेल. मग त्याने विचारलं, "भागतं ना तुमचं त्यात?"

ताई, मी तिथेच रडले.

"भागतं," म्हटलं. "व्यवस्थित भागतं."

"मग ठीक आहे. काम करणाऱ्याने खायला हवं. त्याचं मला काही वाटत नाही." मग तो टोपी काढून म्हणाला, "पण लोआ, पाच वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. धर्मप्रचाराला गेलो होतो तेव्हा दारोदार हेच सांगितलं. वर कोणाला तरी माहीत होतं की मी चुकीचं सांगतोय. मला कोणी थांबवलं का नाही?"

मग त्याने विचारलं, "थेनला माहीत आहे, तू इथे आलीस ते?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. जा, खिंडीत बर्फ वाढायच्या आत जा."

नवरा तुला चांगला मिळाला, ताई. आम्ही त्याला दुधवाला म्हणून चिडवायचो.

लोआ

---

बेअर लेक
२० जून १९९४

प्रिय लोआ,

तुम्ही दौऱ्यावर मनिलाला होतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लग्न झालं. मंदिरात झालं. मारेन पांढऱ्या पोशाखात तुझ्यासारखी दिसत होती. तुझी गोधडी ट्रेंटच्या आईने चार बायकांना उलगडून दाखवली. तिचे पाव पुन्हा सुरू झालेत.

मार्चमधल्या त्या भेटीबद्दल मी लिहिलं नव्हतं. लग्न होईपर्यंत कागदावर काही आणायचं धैर्य झालं नाही.

अध्यक्षांनी मारेनला ठरलेलेच प्रश्न विचारले. पुढाऱ्यांना मानतेस का, याला ती म्हणाली, "मानते. पण मला प्रश्नही आहेत." ते म्हणाले, "प्रश्न कोणाला नसतात बेटा," आणि सही केली. मग दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "तो मुलींचा वर्ग आता दुसऱ्या कोणाला देऊ या. तुला लग्नाची गडबड असेल." एवढं गोड बोलले की ती त्यांना थँक्यू म्हणून बाहेर आली. गाडीत बसल्यावर तिला कळलं की वर्ग गेला.

वर्लचाही परवाना संपत आला होता, म्हणून त्यालाही तेच प्रश्न. लोकांशी प्रामाणिकपणे वागता का, हा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, "जानेवारीत मी मंडळीला एक गोष्ट चुकीची सांगितली. ती मला सुधारायची आहे." कोणती, ते अध्यक्षांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "वर्ल, लग्न होऊ दे आधी."

वर्ल 'बरं' म्हणाला.

लोआ, उधळलेल्या बैलासमोर हा माणूस हात पसरून उभा राहिलेला मी पाहिलाय. आणि त्या दिवशी 'बरं' म्हणाला. मला सांगताना तो खाली बघत होता. लग्नाच्या दिवशी सगळ्यांशी हसून बोलला. परत येताना मारेनने गाडीच्या खिडकीतून विचारलं, "बाबा, आता?" तो नुसता मान हलवून पुढे गेला. हो म्हणाला की नाही, मला कळलं नाही.

आर्डिथ

---

बेअर लेक
६ सप्टेंबर १९९४

प्रिय लोआ,

तो बोलला. ऑगस्टच्या उपासाच्या रविवारी, आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला लोक उठतात तेव्हा. मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी हाताला धरून खाली बसवलं असतं.

म्हणाला, "जानेवारीत मी इथून सांगितलं की आपल्यात वरपर्यंत कोणी पैसे घेत नाही. ते बरोबर नव्हतं. वर जे सगळा वेळ देतात त्यांना निर्वाहापुरतं मिळतं. त्यात वाईट काही नाही. किती ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. माहीत नसताना मी छातीवर हात ठेवून बोललो, आणि माझी मुलगी खोटी ठरली. ती खोटी नव्हती. मी तिची आणि तुमची माफी मागतो. आमेन."

त्या 'आमेन'नंतर मंडळीचं 'आमेन' आलंच नाही. मग मागच्या बाकावरून म्हाताऱ्या ऑर्सनचं खणखणीत 'आमेन' आलं. त्याला मुळीच ऐकू येत नाही. पण सांगते, मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

बाहेर ट्विला वर्लसमोर थांबली. मला वाटलं, आता पेटणार. ती म्हणाली, "मला तुम्ही आधी सांगायला हवं होतं, बिशप. मी उगाच पोरीला बोलले." आणि घाईने गेली, कोणी पाहू नये अशी.

पुढच्या दोन रविवारी काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी अध्यक्ष पेंडलटन आले, व्यासपीठावर बसले, आणि सभा सुरू होताच उठून म्हणाले, "आपले बिशप साडेपाच वर्षं सेवा करून आज मोकळे होत आहेत. ज्यांना त्यांचे आभार मानायचे आहेत त्यांनी हात वर करावा." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. वर्लचे डोळे कोरडे होते. नवीन बिशप जनावरांच्या खाद्याच्या दुकानाचा मालक आहे, चांगला माणूस.

आता मला सांग, लोआ, ही शिक्षा होती का? बिशपला पाच-सहा वर्षांनी मोकळं करतातच. त्याच्या आधीच्यालाही केलं होतं. कोणी वाईट शब्द काढला नाही. अध्यक्षांनी वर्लला मिठी मारली. मी कोणाकडे बोट दाखवू? आणि शिक्षा नव्हती म्हणावं, तर आता लोक आमच्याशी बोलताना आधी आजूबाजूला का बघतात?

वर्ल झोपतो नीट. जेवतो. संध्याकाळी काय करावं कळत नाही, म्हणून कुंपण रंगवतो. मीच दचकून उठते.

थेनला विचारशील का? वरून काही आलं होतं का? नको, नको विचारूस. तुला त्रास व्हायचा.

आर्डिथ

---

सॉल्ट लेक सिटी
१८ सप्टेंबर १९९४

प्रिय ताई,

मी विचारलं.

रविवारचं जेवण चाललं होतं. मटणाचा तुकडा कापता कापता मी म्हटलं, "थेन, वर्लला काढलं का?" तो म्हणाला, "मोकळं केलं." मी म्हटलं, "मी शब्द विचारत नाही, त्यामागचं कारण विचारतेय." मग मी सगळं सांगून टाकलं. मारेनला मी बोलले ते, गोठ्यात गेले ते, मिसेस ओकींच्या पत्त्यावरची पत्रं. हात मी मांडीखाली दाबून धरले होते. पस्तीस वर्षांच्या संसारात मी एवढी कधी घाबरले नव्हते, आणि समोर कोण, तर माझाच नवरा, रुमालाने ओठ पुसत बसलेला.

तो रागावला नाही. रागावेल असं वाटलं होतं, त्यापेक्षा हे वाईट होतं.

मी विचारलं, "तुला जे मिळतं ते कोण ठरवतं? एकूण किती येतं, किती जातं, शिल्लक किती? तू तर आत आहेस. तुला तरी माहीत आहे ना?"

त्याने काटा खाली ठेवला.

"मला माहीत नाही, लोआ," तो म्हणाला. "माझ्यासारख्यांना ते सांगत नाहीत. मी कधी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

लोगनच्या दुकानात गिऱ्हाइकाने पाइपाचा भाव विचारला की हा माणूस कागद पुढे सरकवून खरेदीचा आकडा दाखवायचा. "बघून घ्या, लपवायचं काय त्यात," म्हणायचा. तोच हा.

"वर्ल बोलला, आणि मोकळा झाला," तो म्हणाला. एवढंच.

मग ताई, तो उठला, खिडकीशी गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, आणि रस्त्यावर कोणीही नव्हतं.

तुझी,
लोआ